झोपलेल्या वराची संमती

दोन वर आणि एक वधू ही सुखात्मिकेची फार जुनी मांडणी आहे. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये हर्मियापुढे लायसँडर आणि डिमीट्रिअस असे दोघे उभे असतात, वडिलांना एक हवा असतो, मुलीला दुसरा. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली रंगभूमीवर आणलेले ‘संगीत सौभद्र’ याच मांडणीवर उभे आहे. बलरामाला बहिणीसाठी दुर्योधन पसंत, सुभद्रेच्या मनात अर्जुन, आणि मधे श्रीकृष्णाचे गोड कारस्थान. अशा नाटकांत प्रेक्षकाची उत्कंठा एकाच गोष्टीची असते: शेवटी माळ कोणाच्या गळ्यात पडणार? ज्याच्या गळ्यात ती पडत नाही त्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. दुर्योधनाला काय वाटले असेल, हा प्रश्न ‘सौभद्र’ पाहून घरी परतणाऱ्याच्या मनाला शिवत नाही, आणि नाटककाराचीही तशी अपेक्षा नसते.

अमेरिकन चित्रपटसृष्टीने या मांडणीला नाताळची जोड दिली. बर्फ, दिव्यांची आरास, घरी परतणारी माणसे, आणि दोन पुरुषांपैकी एकाची निवड करायला निघालेली नायिका, असे चित्रपट तिथे दरवर्षी निघतात आणि दरवर्षी विसरले जातात. जे थोडे टिकले त्यांत १९९५ सालच्या ‘व्हाइल यू वेअर स्लीपिंग’चा समावेश करावा लागेल. दिग्दर्शक जॉन टर्टलटॉब, पटकथा डॅनिएल सुलिव्हन आणि फ्रेड्रिक लेबो यांची. नायिका सँड्रा बुलक. आदल्याच वर्षी ‘स्पीड’मुळे तिचे नाव घरोघरी पोहोचले होते. सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर खर्चून काढलेल्या या साध्यासुध्या चित्रपटाने जगभरात १८ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले. नाताळच्या दिवसांत तो आजही आवर्जून पाहिला जातो. त्यावर बोलताना लोक साधारणपणे ‘थोरला भाऊ की धाकटा?’ एवढाच प्रश्न घेऊन बसतात. मला मात्र या हलक्याफुलक्या कथेत एक वेगळा आणि अधिक गंभीर प्रश्न दिसतो. तो संमतीचा आहे, आणि तोही नायिकेच्या संमतीइतकाच झोपलेल्या वराच्या संमतीचा.

प्रथम कथानक थोडक्यात पाहू. लूसी मॉडराट्झ ही शिकागो शहरातील उन्नत रेल्वेच्या एका स्थानकावर तिकिटाच्या खिडकीत बसणारी तरुणी. आई लहानपणीच गेली, वडीलही नुकतेच निवर्तले. भावंड नाही, घरात सोबतीला एक मांजर. खिडकीसमोरून रोज सकाळी एक देखणा वकील जातो. त्याचे नाव पीटर कॅलहन, हे तिला माहीतही नाही. तो टोकन टाकतो आणि निघून जातो. काचेपलीकडून ती त्याच्यावर मनोमन जीव लावून बसली आहे. नाताळच्या दिवशी तो ‘मेरी ख्रिसमस’ म्हणतो, तेव्हा तिच्या तोंडून धड उत्तरही फुटत नाही. क्षणभरातच फलाटावर गुंड त्याला हटकतात आणि तो रुळांवर पडतो. लूसी उडी टाकून, समोरून येणाऱ्या गाडीपासून त्याला वाचवते. इस्पितळात तो बेशुद्धावस्थेत पडून असताना ती स्वतःशीच पुटपुटते की याच्याशी माझे लग्न व्हायचे होते. एक परिचारिका ते ऐकते, आणि धावत आलेल्या कुटुंबीयांना सांगून टाकते की ही पीटरची वाग्दत्त वधू. आईवडील, आजी, धाकटी बहीण अशी सारी मंडळी तिला पोटाशी धरतात. आजीचे हृदय दुबळे; तिला धक्का बसेल या भीतीने खरे सांगणे आज-उद्यावर जाते. मग येतो पीटरचा धाकटा भाऊ जॅक. त्याला हिचा संशय येतो, आणि संशयापोटी तिच्याजवळ वावरता वावरता तो तिच्या प्रेमात पडतो. तीही त्याच्या. इतक्यात पीटर शुद्धीवर येतो.

या कथेला नाताळ केवळ शोभेसाठी जोडलेला नाही. लूसीला नाताळच्या दिवशी कामावर यावे लागते, कारण तिचा वरिष्ठ तिला सांगतो की बाकी सगळ्यांना कुटुंब आहे. हे वाक्य तो दुष्टपणे बोलत नाही. व्यवहार म्हणून बोलतो, आणि म्हणूनच ते अधिक लागते. सणाच्या दिवशी कोणी राबायचे हे ठरवताना एकट्या माणसाचे एकटेपण हीच त्याची मोकळीक समजली जाते. घरी ती नाताळचे झाड दोरीने वर ओढून खिडकीतून आत घेऊ पाहते आणि ते सुटून घरमालकाच्या खिडकीवर आदळते. प्रेक्षागृहात हशा पिकतो. पण ज्या कामाला दोन माणसे लागतात ते एकटीने करणाऱ्या बाईचे ते चित्र आहे. दिग्दर्शकाने तिच्या दुःखावर एकही लांबलचक प्रसंग खर्च केलेला नाही. रिकामी खोली, मांजराची बशी, गर्दीतून जाणारी आणि आपल्याकडे न पाहणारी माणसे एवढ्यावर त्याने भागवले आहे, आणि ते पुरेसे आहे.

लूसीची नोकरीची जागाही विचारपूर्वक निवडलेली आहे. शिकागोच्या मध्यभागाला वेढणारा लोखंडी खांबांवरील रेल्वेमार्ग, ज्याला तिथले लोक ‘लूप’ म्हणतात, १८९७ सालापासून शहराच्या डोक्यावरून धडधडत आहे. लूसी बसते ते रँडॉल्फ-वाबॅश हे स्थानक त्याच मार्गावर होते. टोकनची पद्धत १९९९ मध्ये बंद झाली आणि ते स्थानकही २०१७ साली कायमचे मिटले. त्यामुळे त्या गेलेल्या शहराचा एक दस्तऐवज म्हणूनही हा चित्रपट पाहता येतो. मुद्दा असा, की तिकिटाच्या खिडकीत बसणारा माणूस दिवसाला हजारो चेहरे पाहतो आणि एकाशीही त्याचे बोलणे होत नाही. अशा जागी बसलेल्या एकाकी मनाने एखादा चेहरा निवडावा आणि त्याभोवती संसार रचावा, हे स्वाभाविक आहे. त्या चेहऱ्याने काही बोलू नये, एवढीच त्या संसाराची अट असते.

म्हणून पहिला वर झोपलेला असणे हे पटकथेचे मोठे बळ आहे. पीटर जागा असतानाही लूसीच्या दृष्टीने झोपलेलाच होता. काचेच्या पलीकडे, अबोल, तिच्या कल्पनेला कसलाही विरोध न करणारा. इस्पितळातल्या खाटेवर ती स्थिती फक्त पूर्ण होते. त्याच्या उशाशी बसून ती त्याच्याशी मोकळेपणाने बोलते. जिवंत, जागा, उलट बोलणारा माणूस प्रेमाची कसोटी पाहतो. निजलेला माणूस आपल्याच इच्छांचा आरसा होतो. आपण ज्याला ‘आवडते माणूस’ म्हणतो ते कितीदा असे निजलेले असते, याचा विचार तरुण वाचकांनी करायला हरकत नाही.

दुसरा वर मात्र जागा आहे आणि शंकेखोर आहे. जॅक वडिलांच्या व्यवसायात आहे. निवर्तलेल्या लोकांच्या घरांतील सामान विकत घ्यायचे आणि विकायचे, असा तो धंदा. त्याचे स्वतःचे मन लाकूडकामात आहे. त्याला आपल्या हातांनी खुर्च्या-मेजे घडवायची आहेत, आणि वडिलांना हे सांगायचे धैर्य होत नाही. एक भाऊ घर सोडून पुढे गेला, दुसरा घरात राहून अडकला. लूसी आणि जॅक यांची ओळख वाढते ती कष्टाच्या आणि फजितीच्या कामांतून: सामान पोचवताना, गोठलेल्या रस्त्यावर घसरताना, एकमेकांना सावरताना. दोन माणसांनी नुसती मिठी मारणे आणि एकमेकांकडे झुकणे, यातला फरक जॅक एका प्रसंगी तिला समजावून सांगतो. त्याच्या मते झुकण्यात मागणे असते आणि स्वीकारणेही असते. विनोदी प्रसंग आहे. पण ‘स्वीकारणे’ हा शब्द पटकथेने उगाच घातलेला नाही. झोपलेला माणूस झुकू शकत नाही आणि स्वीकारूही शकत नाही. लूसीला इटलीतले फ्लॉरेन्स पाहायचे आहे, तिचा पासपोर्ट मात्र कोरा आहे. जॅक तिला काचेच्या गोलातले, हलवले की बर्फ पडणारे फ्लॉरेन्स भेट देतो. ही भेट द्यायला आधी तिचे बोलणे लक्षपूर्वक ऐकलेले असावे लागते. बिल पुलमन याने जॅकची भूमिका फार संयमाने केली आहे. भावाच्या वाग्दत्त वधूविषयी आपल्याला जे वाटते ते बोलता कामा नये, हे त्याच्या खांद्यांच्या ठेवणीतूनही कळते.

या दोघांखेरीज चित्रपटात एक तिसरा वर आहे, आणि लूसीचे खरे प्रेम आधी त्याच्यावरच जडते. तो म्हणजे कॅलहन कुटुंब. इस्पितळातल्या धावपळीत राहून गेलेला नाताळ ही मंडळी मागाहून घरी साजरा करतात आणि तिला बोलावून घेतात. तिच्यासाठीही भेटवस्तू ठेवलेल्या असतात. जेवणाच्या मेजावर सगळे एकाच वेळी बोलतात, कोणी कोणाचे ऐकत नाही, एकाचे वाक्य दुसऱ्याच्या वाक्यावर चढते. आणि लूसी आळीपाळीने प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत राहते. पीटर बॉइल, ग्लिनिस जॉन्स आणि जॅक वॉर्डन या मुरलेल्या नटांनी हा प्रसंग असा रंगवला आहे की आपणही त्या मेजावर जागा शोधू लागतो. मिस्सा लॅटिनमध्ये होती तेव्हा बरी होती, काय म्हणतात ते कळत नसे, अशी तक्रारही घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकू येते. कॅलहन हे आयरिश नाव, हे कुटुंब कॅथलिक. पण ती तक्रार आपल्या अनेक धर्मग्रामांतील ज्येष्ठांच्या तोंडीही शोभली असती.

इथे एका गोष्टीकडे समीक्षकांचे सहसा लक्ष जात नाही. लूसीचे खोटे खपते का? तिच्या चातुर्यामुळे नव्हे. चातुर्य तिच्याकडे नाहीच. ते खपते, कारण या प्रेमळ, गजबजलेल्या कुटुंबाला आपल्या थोरल्या मुलाच्या आयुष्याविषयी काहीही माहीत नाही. तो कोणाबरोबर हिंडतो-फिरतो, लग्नाचा विचार करतो की नाही, त्याचे मित्र कोण, याची कोणालाच खबर नाही. म्हणून एक अनोळखी मुलगी पुढे उभी राहिली की ती त्याची होणारी बायको असेल, हे त्यांना सहज पटते. मुलगा दूरच्या खंडात गेलेला नाही. त्याच शहरात राहतो. परदेशी किंवा जवळच्याच उपनगरात स्थायिक झालेल्या मुलांच्या आईवडिलांना हा प्रसंग पाहताना हसू येईल, आणि हसता हसता ते थांबतीलही. लूसी कॅलहनांच्या घरातली एक रिकामी जागा भरते. ती जागा पीटरने केव्हाच रिकामी केलेली होती.

घरातला स्नेही आणि पीटरचा धर्मपिता सॉल याला सत्य लवकर कळते. लूसी बेशुद्ध पीटरजवळ सारे कबूल करीत असताना तो ते ऐकतो. तरीही तो गप्प राहतो, कारण या मुलीमुळे घर पुन्हा एकत्र आले आहे असे त्याचे मत आहे. चित्रपट त्याच्याकडे शहाणा म्हातारा म्हणून पाहतो. मला तसे पाहता येत नाही. धर्मपित्याचे पहिले कर्तव्य धर्मपुत्राशी असते. सॉल कुटुंबाच्या सुखाचा विचार करतो, आजीच्या हृदयाचा करतो, लूसीच्या एकटेपणाचा करतो. खाटेवर पडलेल्या पीटरचा मात्र करीत नाही. पुढे पीटर शुद्धीवर आल्यावर लूसीची आठवण त्याला नाही, ती नसणारच, तेव्हा त्याला स्मृतिभ्रंश झाला आहे असे सर्वांना वाटते आणि त्यालाही वाटू लागते. या समजुतीला छेद देण्याऐवजी सॉल त्याच्यापुढे लूसीचे गुण वर्णन करतो. पीटर विचारात पडतो, स्वतःला अधिक चांगला माणूस करायचे ठरवतो आणि लूसीला मागणी घालतो.

हा या कथेचा सर्वांत गंभीर क्षण आहे, आणि नेमका तो गमतीने हाताळला गेला आहे. पीटरची स्थिती पाहा. आपण या स्त्रीला पूर्वीच निवडले होते, फक्त ते आठवत नाही, असे मानून तो तिला पुन्हा निवडतो. म्हणजे त्याच्या नावाने कोणीतरी दुसऱ्यानेच निवड केलेली आहे आणि त्याने तिच्यावर फक्त सही करायची आहे. ‘ती कोणाला निवडील?’ या प्रश्नात आपण इतके गुंतलेले असतो, की निवडण्याचा अधिकार काढून घेतला गेलेला माणूस आपल्या डोळ्यांसमोर असूनही आपल्याला दिसत नाही.

या पटकथेचा पूर्वेतिहास इथे उद्बोधक आहे. मूळ कल्पनेत बेशुद्ध व्यक्ती स्त्री होती, आणि तिचा वाग्दत्त वर म्हणून वावरणारा पुरुष होता. निर्मात्यांना ते किळसवाणे वाटले, असे या पटकथेबद्दल प्रसिद्ध आहे. तेव्हा भूमिकांची अदलाबदल झाली. पुरुषाने निश्चेष्ट स्त्रीवर हक्क सांगितला की आपल्याला अन्याय चटकन दिसतो; स्त्रीने, त्यातही सँड्रा बुलकसारख्या निरागस चेहऱ्याच्या स्त्रीने, तो सांगितला की तो गोड वाटतो. अन्यायाच्या तीव्रतेत फरक असेल, जातीत नाही. गंमत अशी, की भारतीय चित्रपटांनी ही अदलाबदल पुन्हा उलटवली. प्रियदर्शन यांच्या १९९७ सालच्या ‘चंद्रलेखा’ या मल्याळम चित्रपटात आणि २००० सालच्या राज कंवर यांच्या ‘हर दिल जो प्यार करेगा’ या हिंदी चित्रपटात बेशुद्ध आहे ती स्त्री, आणि घरात शिरतो तो पुरुष. शिवाय त्याला वाग्दत्त वर न समजता थेट नवरा समजले जाते. आपल्याकडे परक्या पुरुषाला घरात ठेवून घ्यायला साखरपुड्याचे नाते पुरले नसते, असे पटकथाकारांना वाटले असावे. त्या चित्रपटांत गाणी आहेत, नाट्य आहे; पण झोपेतून जागी झालेली स्त्री आपल्याला नवरा आहे असे ऐकते, या घटनेतला थरकाप त्यांनीही बाजूलाच ठेवला आहे.

आता वेदीपुढच्या प्रसंगाकडे वळू. विवाह इस्पितळाच्या छोट्या चॅपेलमध्ये आहे. त्यापूर्वी लूसीने जॅकला विचारलेले असते, की मी तुझ्या भावाशी लग्न करू नये याचे काही कारण तुझ्यापाशी आहे का? भावाचा मान राखून तो नाही म्हणतो. ती वेदीकडे जाते. विधी पुरता सुरू होतो-न होतो तोच ती स्वतःच म्हणते की माझी हरकत आहे. पाश्चात्त्य नाटक-सिनेमांत ‘कोणाची हरकत असल्यास आताच बोला’ हा प्रश्न प्रसिद्ध आहे. तो अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातून रूढ झाला. आपल्या रोमन विधीत तो नाही. आपल्याकडे हरकतीची सोय विवाहाच्या आधीच केलेली आहे. १२१५ च्या चौथ्या लॅटेरन परिषदेने विवाहाची आगाऊ घोषणा सार्वत्रिक केली, ट्रेंट परिषदेने १५६३ मध्ये धर्मगुरू आणि साक्षीदार यांच्या उपस्थितीचा नियम घातला, आणि १९८३ च्या कायदेसंहितेतील कलम १०६९ प्रमाणे विवाहातील अडथळा ठाऊक असलेल्या प्रत्येक श्रद्धावंताने तो विवाहापूर्वी कळवायचा असतो. या सगळ्या व्यवस्थेच्या मुळाशी एकच सूत्र आहे, ते कलम १०५७ मध्ये आले आहे: विवाह घडतो तो उभयतांच्या संमतीने, आणि ती संमती दुसरी कोणतीही मानवी सत्ता भरून काढू शकत नाही. आई नाही, आजी नाही, धर्मपिता नाही आणि धर्मगुरूही नाही. संमती मिळवण्यासाठी फसवणूक केली गेली असेल तर काय, याचा विचार कलम १०९८ करते. लूसी गप्प राहिली असती तर त्या विवाहाच्या वैधतेवर धर्मन्यायालयात गंभीर प्रश्न उभा राहिला असता.

लूसी गप्प राहत नाही. थोरल्याशी लग्न लागत असताना आपले प्रेम धाकट्यावर आहे, हे ती सर्वांदेखत सांगते. एवढ्यावर थांबली असती तर ती नेहमीची नायिका ठरली असती. ती पुढे जे बोलते ते अधिक मोलाचे आहे. आपण पीटरची कोणीही नव्हतो हे ती कबूल करते, आणि आपण खरे का बोललो नाही तेही सांगते: काल एकटी असलेली मी एकाएकी कोणाची तरी मुलगी झाले, नात झाले, बहीण झाले, ते सोडवेना. ती सबब सांगत नाही. ज्या क्षणी हे नाते कायमचे मिळणार, त्याच क्षणी ती ते परत करते. पीटरचे स्वातंत्र्यही ती त्याला परत करते. दोन वरांपैकी एकाची निवड यापुढे किरकोळ ठरते. खोट्यावर उभे असलेले घर ठेवायचे की खरे बोलून पुन्हा त्या मांजरापाशी जायचे, ही तिची खरी निवड होती, आणि जॅक आपल्याला मिळेल याची कसलीही हमी नसताना तिने ती केली. चॅपेलमधून ती एकटीच बाहेर पडते.

देवलांच्या ‘संगीत शारदा’तही, १८९९ मध्ये, लग्न ऐनवेळी थांबते. पण तिथे ते थांबवतो कोदंड, आणि कारण सापडते ते सगोत्रतेचे; शारदेचे मन हे कारण पुरेसे धरले जात नाही. त्या काळी दुसरा मार्गही नव्हता. पुढच्या शंभर वर्षांत जगात काय बदलले याचे एक माप असे, की लूसीला आपले लग्न थांबवण्यासाठी शास्त्राधार शोधणारा कोदंड लागत नाही. तिचे ‘नाही’ पुरते.

चित्रपटाचे दोष सांगितल्याखेरीज त्याचे मोजमाप पुरे होणार नाही. पहिला दोष असा, की पीटरला मुद्दाम उथळ रंगवले आहे. तो आत्मकेंद्री, ऐटबाज, आणि आधीच कोणा विवाहित स्त्रीत गुंतलेला निघतो. त्यामुळे त्याच्यावर झालेला अन्याय प्रेक्षकाला टोचत नाही आणि लूसीची निवडही सोपी होते. पीटर भला, सरळ माणूस असता तर? तर ही सुखात्मिका अवघड झाली असती, आणि कदाचित थोर झाली असती. दुसरा दोष क्षमेचा. कबुलीनंतर आणि जॅक टोकनच्या खिडकीत अंगठी टाकतो त्याआधी कॅलहन कुटुंबात काय बोलणे झाले ते आपल्याला दाखवलेले नाही. साऱ्या कुटुंबासह तो खिडकीपाशी येतो, सगळे हसत असतात. फसवल्या गेलेल्या आईने क्षमा कशी केली? त्या रात्री घरात कोणी रडले का? क्षमा ही नाताळच्या दिव्यांसारखी आपोआप लागत नाही. या कुटुंबाच्या मेजावर इतका वेळ रमलेल्या दिग्दर्शकाने तोच एक जेवणाचा प्रसंग टाळावा, ही मोठी उणीव आहे. तिसरा दोष घरमालकाच्या मुलाचा. लूसीच्या मागे लागलेला हा तिसरा उमेदवार केवळ हसण्यासाठी आहे. त्याचेही एकटेपण असू शकते, ही शंका पटकथेला येत नाही.

इतके असूनही हा चित्रपट विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या शिबिरात तरुणतरुणींना दाखवावा आणि मग त्यावर त्यांना बोलते करावे, असे मला वाटते. विवाहविधीत धर्मगुरू पहिला प्रश्न विचारतो तो स्वेच्छेचा: कोणाच्याही दबावाविना, मनापासून तुम्ही आला आहात ना? त्यावर ‘होय’ म्हणताना आवाज किती खाली जातो, हे वेदीच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाला ऐकू येते. हॉल ठरलेला असतो, पत्रिका वाटून झालेल्या असतात, आखातातून भाऊ रजा काढून आलेला असतो, आजी आजारी असते. कोणीही जुलूम केलेला नसतो; सगळे प्रेमळच असतात. कॅलहन कुटुंबही प्रेमळच होते. प्रेमळ माणसांना दुखवायला नको म्हणून दिलेला होकार हा फार सभ्य दबाव असतो, आणि कोणत्याही अर्जावर त्याची नोंद होत नाही. आपल्या मुलामुलींशी लग्नाविषयी बोलताना स्थळ कसे आहे हे जसे आपण विचारतो, तसे ‘तुला नाही म्हणायचे आहे का?’ हेही घरी, वेळेवर, पत्रिका छापण्याआधी विचारायला हवे. आणि समोरच्या घरच्या मुलाला किंवा मुलीला हे कोणी विचारले आहे का, तेही.

नाताळच्या शुभवर्तमानातही एक वाङ्निश्चय अडचणीत आलेला आहे आणि एक वर झोपलेला आहे. मत्तयच्या पहिल्या अध्यायातील योसेफाला झोपेत सत्य सांगितले जाते, आणि जागा झाल्यावर तो स्वतः निर्णय घेऊन मरियेला घरी आणतो. त्याला अंधारात ठेवून काही घडवले जात नाही. पीटर कॅलहनला त्याच्या खाटेपाशी बसलेल्यांपैकी एकानेही, तो जागा झाल्यावर, तेवढे सत्य सांगितले नाही. ते त्याने ऐकले ते थेट वेदीपुढे, वधूच्या तोंडून. पुढच्या नाताळात हा चित्रपट पुन्हा पाहण्याचा योग आला, तर लूसी बोलत असताना एकदा तिच्यावरची नजर काढून त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे.